बैठकीला सासवा येत नाहीत, काय करू?

प्रश्न (आशा कार्यकर्ती, धडगाव भाग):
दर महिन्याला पाड्यावर गरोदर बायांची बैठक घेते. सातआठ जणी येतात, माना डोलावतात आणि घरी गेल्या की सासूचंच चालतं. मागच्या पावसात एका सासूने बाळ जन्मल्याबरोबर आंघोळ घालून काढलं. तिसऱ्या दिवशी भेटीला गेले तर पाय गार! आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून गोधडी. मग ऊब आली. दरवेळी मी वेळेत पोचेनच असं नाही.

उत्तर (निवृत्त नर्सबाई, गडचिरोली):
अगं, ‘गरोदर बायांची’ बैठक म्हटल्यावर सासू कशाला येईल? तिच्याच ओट्यावर भरव. आमच्याकडे ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं होतं, 39 गावांत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. त्या काही डॉक्टर नव्हत्या, शेजारणी होत्या.

उत्तर (चाईबासाला काम केलेला):
झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेच्या बायांच्या गटांत 20 बैठकांचं चक्र असायचं. आधी अडचणी बायाच निवडायच्या, मग उपायही त्याच. चित्रांचे पत्ते, गोष्टी. भाषण नाही. ताई, तुम्ही बोलता फार असं वाटतं, राग नको.

आशा:
राग कसला, खरंच बोलते मी फार. मंगळवारी त्याच सासूच्या ओट्यावर ठेवलीय. चहा तिचा, साखर माझी.