पहिली ते चौथीच्या मुलांकडून रोज गणितं करून घ्यावीत का?

मुलुंडची_आई

आमच्या शाळेनं यंदा जूनपासून चौथीपर्यंतचा गृहपाठ बंद केला. पालकसभेत टाळ्या पडल्या. दप्तराचं आणि लिखाणाचं ओझं कमी झालं याचा आनंद मलाही आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंच म्हटलंय. पण या निर्णयाबरोबर गणिताचा रोजचा सरावही गेला आणि माझा आक्षेप तेवढ्यापुरताच आहे. माझ्या मते पहिली ते चौथीच्या मुलानं रोज दहा-पंधरा मिनिटं गणितं केलीच पाहिजेत. रविवारी तासभर बसवून किंवा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रट्टा मारून ते भरून निघत नाही.

तिसरीतल्या माझ्या मुलीच्या वहीतलं एक उदाहरण देते. ४०३ − १७८. तिनं उत्तर लिहिलं ३७५. बाईंची लाल फुली, बाजूला २२५, विषय संपला. पण ३७५ आलं कुठून? आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. म्हणजे मोठ्या अंकातून लहान काढायचा, वरचा कुठला आणि खालचा कुठला ते बघायचंच नाही, असा तिनं स्वतःचा नियम केलाय. ८७५ − ३४२ मध्ये हाच नियम बरोबर उत्तर देतो, त्यामुळे तो चुकीचा आहे अशी तिला शंकाही येत नाही. मग तिच्याशेजारी बसून एक शतक सुटं करायचं, त्याचे दहा दशक, त्यातला एक दशक सुटा करून दहा एकक, असं तिच्याच तोंडून वदवून घ्यावं लागतं. रोज एक-दोन अशी केली की तो नियम मोडतो. आठवड्यानं एकदा केली तर मधल्या दिवसांत जुना नियम परत येऊन बसतो.

पाढ्यांचंही तसंच आहे. सात आठे किती हे ज्याला बोटांवर मोजावं लागतं ते मूल भागाकारात अडकतं. रीत त्याला माहीत असते, पण मोजता मोजता आपण कुठल्या पायरीवर होतो तेच ते विसरतं.

तुमचं मत काय? विरोधात असेल तर जरूर लिहा.

नालासोपारा_पूर्व

साफ असहमत.

ताई, "शेजारी बसून" हे रोज करायचं कोणी? मी सकाळी साडेसातला घर सोडतो, परत यायला रात्रीचे नऊ. बायकोचंही तेच, फक्त ती चर्चगेटऐवजी अंधेरीला उतरते. मुलगा शाळेतून आला की माझ्या आईजवळ असतो आणि आई चौथी शिकलेली आहे. आमच्यासारख्यांच्या घरात रोजचा सराव याचा अर्थ एकच, शिकवणी लावा आणि दर महिन्याला फी भरा. माझ्या मजल्यावर पहिलीतली पोरं शिकवणीला जातात. पहिलीतली!

शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, कारण मुलांची झोप होत नाही. आता मी रात्री जेवणं उरकल्यावर साडेनऊला ४०३ − १७८ घेऊन बसलो तर ती झोप कुठे जाते? शाळा मुलाला पाच-सहा तास ठेवून घेते. त्यात पंधरा मिनिटं निघत नसतील तर जाब शाळेला विचारा, आमच्यावर टाकू नका.

पालिकेची_शिक्षिका

सराव रोज हवा, पण तो शाळेतच व्हायला हवा. घरावर सोडला की ज्याच्या घरी कुणी मोकळं आहे त्याचंच मूल पुढे जातं. मी गोवंडीच्या एका पालिका शाळेत शिकवते, हे डोळ्यांनी बघते.

माझ्या वर्गात परिपाठ झाला की फळ्यावर पाच उदाहरणं असतात. दोन काल शिकवलेल्यातली, दोन मागच्या आठवड्यातली, एक महिन्यापूर्वीचं. जुनं मिसळायचं कारण असं की एकाच प्रकारची दहा उदाहरणं ओळीनं दिली तर मूल विचार न करता करत सुटतं, बेरीज करायची की वजाबाकी हे त्याला ठरवावंच लागत नाही. वह्या गोळा केल्यावर मी बरोबर-चूक मोजत नाही, सारखी चूक शोधते. पाच-सहा मुलांचं एकच चुकीचं उत्तर आलं तर चूक माझ्या शिकवण्यात आहे असं समजून दुसऱ्या दिवशी ते परत घेते.

आणखी एक सांगते, कारण "घरच्या व्यवहारातून गणित आपोआप येतं" असं इथे कुणीतरी म्हणणारच आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी, झटपट आणि बरोबर करत होती. शाळेत येतात तसली साधी उदाहरणं कागदावर दिली की बरीचशी अडत होती. आणि कधी दुकानावर न बसलेली शाळकरी मुलं कागदावर बरी, पण बाजारातला हिशेब दिला की लांबलचक रीती वापरून चुकत होती. एकीकडचं कौशल्य दुसरीकडे आपसूक जात नव्हतं.

हे मला वर्गात रोज दिसतं. बापाच्या गाडीवर बसणारा मुलगा ३५ ची दोन पाकिटं देऊन शंभराच्या नोटेतून ३० परत करताना चुकत नाही, आणि वहीत १०० − ७० आलं की हातचा कुठून घ्यायचा म्हणून थांबतो. त्याला कुणीतरी "अरे, हे तेच आहे" असं रोज दाखवावं लागतं. ते काम माझं आहे, त्याच्या आईचं नाही.

लालबागचे_काका

आमच्या वेळी दिवेलागणीला शुभंकरोती झालं की पाढे. तिसापर्यंत पाढे, त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे. सगळं उजळणीच्या पुस्तकातून. माझे वडील गिरणीत होते, पाळी संपवून आले की भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. ते काही शिकवत नव्हते. कुठे अडखळलो की "परत म्हण" एवढंच. ऐकायला शिक्षण लागत नाही, क्लास लागत नाही, पैसे लागत नाहीत. नालासोपाऱ्याच्या दादांच्या मातोश्रींनाही हे सहज जमेल. चौथी शिकलेल्या बाईला त्या काळचे पाढे आजच्या पदवीधरापेक्षा चांगले येतात, खात्रीनं सांगतो.

बोरिवली_पश्चिम

काका, आदर ठेवून असहमती नोंदवते.

पावकी-सवायकी पाठ होत होती, कारण बाजारच तसा होता. पावशेर, अच्छेर, रुपयाचे सोळा आणे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग किलो आणि लिटर आले, आणि त्या पाठांतराचा रोजचा उपयोग संपला. शिवाय ज्यांना पाढे पाठ झाले नाहीत, छड्या खाल्ल्या आणि शाळा सोडली, ती माणसं आज इथे लिहायला नाहीत.

माझा विरोध "रोज" याच गोष्टीला आहे. माझ्या मुलाला दुसरीत रोजच्या वर्कशीटचा एक क्लास लावला होता. बाजूला घड्याळ, पानावर किती मिनिटं लागली ते लिहायचं, कालच्यापेक्षा कमी आलं पाहिजे. दोन-तीन महिन्यांत रात्री पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. क्लास सोडला आणि पोटदुखी थांबली. गणित मात्र त्याला आजही नकोसं आहे, आता तो पाचवीत आहे. रोजचं म्हटलं की ते पूर्ण झालं का, एवढंच बघितलं जातं. मूलही लवकर संपवायला शिकतं.

आणि त्यातून येतं काय? एका बाकावर ३ मुलं बसतात, २० मुलांना किती बाक लागतील? रोज वर्कशीट सोडवणारी मुलं लिहितात, भागाकार ६, बाकी २. उरलेली दोन मुलं उभी राहणार का, हे विचारतच नाहीत. सात बाक हे उत्तर सरावानं येत नाही, गोष्ट डोळ्यांसमोर आणावी लागते.

कुर्ल्याचा_प्रवासी

बोरिवलीताईंशी सहमत, एक छोटी भर. मुलीला घेऊन फलाटावर उभा होतो. ७:५२ ची गाडी डोळ्यांसमोरून गेली, इंडिकेटरवर पुढची ८:०९. किती मिनिटं थांबायचं विचारलं. तिनं मनात ८०९ वजा ७५२ केलं आणि म्हणाली ५७. मग घड्याळ बघून तीच म्हणाली, इतका वेळ नाही लागत, आणि साठ मिनिटांचा तास तिथेच कळला. पुढची गाडी येईपर्यंत १७ चा हिशेब पक्का. मुंबईत असले प्रसंग रोज येतात, वही कशाला उघडायची?

मुलुंडची_आई

सगळ्यांचं वाचलं. क्रमानं लिहीत नाही.

घड्याळ आणि मिनिटं लिहिणं मला अजिबात मान्य नाही. बोरिवलीताई, तुमच्या मुलाचं जे झालं ते वाचून वाईट वाटलं. पण त्यात त्रास घड्याळाचा होता, कालच्या आकड्याशी लावलेल्या शर्यतीचा होता. तुमचंच बाकांचं उदाहरण घ्या. उरलेल्या दोन मुलांचं काय, हा विचार करायला डोकं मोकळं हवं. तीन सक अठरा, उरले दोन, हे ज्याला झटकन येतं त्याचं डोकं मोकळं असतं. जो तीन-तीननं बोटं मोजतोय तो २० पर्यंत पोचला यातच दमतो, बाकांचा विचार करायला शिल्लक काही राहत नाही. म्हणून मला समज आणि सराव असे दोन पक्ष करायचेच नाहीत.

कुर्ल्याचे दादा, १७ मिनिटांचा प्रसंग फार छान. पण तुमच्या मुलीला वजाबाकी येत होती म्हणून ती ५७ पर्यंत तरी पोचली आणि ते उत्तर तपासून बघता आलं. शिवाय शिक्षिकाबाईंनी वर लिहिलंच आहे की बाहेरचं गणित वहीत आपोआप येत नाही.

शाळेनं घेतलं तर सोन्याहून पिवळं. पण घेत नाही तोवर काय? असर या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांनाच हातच्याची वजाबाकी येत होती. ही मुंबईची आकडेवारी नव्हे हे मान्य. तरी देशभर निपुण भारत ही केंद्राची मोहीम चालू आहे, तिसरीपर्यंत वाचन आणि अंकगणिताचा पाया पक्का करायला २०२६-२७ ची मुदत आहे, आणि आपल्या शाळेत गणिताची वही घरी येणंच बंद झालंय. माझी मुलगी तिसरीत एकदाच असणार आहे.

माटुंग्याचे_आजोबा

बोरिवलीच्या ताईंनी मुलाला हे एकदा देऊन पाहावं. डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांचा अंकांचा खेळ. मुलाला कुठलेही तीन अंक निवडू द्या, तिन्ही सारखे नकोत, आणि वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ धरायची. समजा ३, ५, २. मोठ्यात मोठी संख्या ५३२, लहानात लहान २३५. वजा करा, २९७. आता याच अंकांची ९७२ − २७९, आले ६९३. मग ९६३ − ३६९, आले ५९४. मग ९५४ − ४५९, आले ४९५. आणि पुढे कितीही वेळा करा, ४९५ च येत राहतं. चार अंकांनी केलं तर ६१७४ वर येऊन थांबतं, तोच कापरेकर स्थिरांक. या सगळ्या हातच्याच्या वजाबाक्या आहेत. नातवाला "आता नवे अंक घे" असं मला सांगावं लागलं नाही, माझे अंक वेगळे आहेत, बघू ४९५ येतं का, म्हणून तोच बसला. एके ठिकाणी ४९५ येईना, तर आपली वजाबाकी कुठे चुकली ते त्यानंच शोधलं.

बोरिवली_पश्चिम

आजोबा, हे मनापासून आवडलं, आज करून बघते. पण उद्या कुठल्या तरी शाळेनं हेच रोज एक पान म्हणून छापलं की तेही वर्कशीटच. मूल स्वतः बसलं म्हणून ते खेळ राहिलं.

पालिकेची_शिक्षिका

मराठी माध्यमाच्या पालकांसाठी एक मुद्दा राहिला. आपल्याकडे एकोणसाठ ऐकलं की मुलाच्या कानात साठ राहतं आणि ते ६९ लिहितं. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर यांच्या समितीनं ती याच अडचणीसाठी सुचवली होती. पद्धत कुठलीही ठेवा, २१ ते ९९ मधले अंक रोज ऐकून लिहायला दिल्याशिवाय हे घोळ जात नाहीत. याला ना वर्कशीट लागतं ना घड्याळ. भाकऱ्या थापतानाही आजी पाच संख्या सांगू शकते.

नालासोपारा_पूर्व

पाढे आणि पाच संख्या आई घेईल, तिला विचारलं, तयार आहे. तेवढं मान्य. वह्या, चुका शोधणं, हातचा समजावणं ही कामं शाळेची, यावर मी ठाम आहे. मुलुंडताई, शाळेला अर्ज देणार असाल तर मसुदा इथे टाका, आमच्या शाळेतही देतो.

मुलुंडची_आई

हा घ्या मसुदा, सुधारणा सुचवा:

"चौथीपर्यंतचा गृहपाठ बंद करण्यास आमची हरकत नाही. मात्र परिपाठानंतर रोज पंधरा मिनिटं गणिताचा सराव वर्गातच घ्यावा, त्यात मागील घटकांची उदाहरणं असावीत. वेळ लावू नये, गुण देऊ नयेत. सरावाची वही दर शुक्रवारी घरी पाठवावी, म्हणजे मूल कुठे अडतंय ते पालकांना कळेल."

बोरिवली_पश्चिम

"सराव अपूर्ण राहिल्यास मुलाला मधल्या सुट्टीत किंवा खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवू नये", हे वाक्य घाला. त्याशिवाय मी सही करणार नाही.