'सँडमन'चा पहिला खंड: काळी पानं कशी वाचायची?

उन्हाळी_वाचक (सोलापूर):
नमस्कार मंडळी. ग्राफिक कादंबरी (चित्रांतून सांगितलेली कादंबरी) हा प्रकार पहिल्यांदाच हातात घेतलाय: नील गेमन यांच्या 'सँडमन' या इंग्रजी चित्रकथा-मालिकेचा पहिला खंड. पहिलं प्रकरण अर्ध्या तासात संपलं, पण कोण बोलतंय हे मधेच निसटतं आणि गडद चौकटींत काही दिसत नाही. वाचायची रीत काय? आठवीतल्या भावाला देता येईल का?

चौकटीबाहेर:
भावाला नको, हे आधी सांगतो. मालिका प्रौढांसाठी आहे. सहाव्या अंकात (म्हणजे प्रकरणात) एका खानावळीत 24 तास जे चालतं, ते मोठ्यांनाही झेपत नाही.

आता रीत. संवादाचे फुगे वरून खाली वाचा. दोन एकाच उंचीवर असतील तर डावीकडचा आधी. शेपटी नसलेली चौकोनी खोकी म्हणजे निवेदन. काळ्या फुग्यात पांढरी अक्षरं दिसली की बोलणारा स्वप्नांचा राजा, म्हणजे कथेचा नायक, मग तो चित्रात नसला तरी. टॉड क्लाइन यांचं हे अक्षरलेखन म्हणजे पात्रांचा आवाजच आहे, त्यामुळे अक्षराचं वळण बदललं की थांबून बघा.

अर्ध्या तासात संपलं, कारण नजर फुग्यावरून फुग्यावर उडी मारते. भयकथेत खरी गोष्ट दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत घडते. एका चौकटीत उचललेला हात, पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला दिवा. मधलं वाचकाने मनात रचायचं. म्हणून शब्द नसलेल्या चौकटीवर जास्त वेळ द्या. एक अंक एका बैठकीत संपवा, मग फुगे न वाचता फक्त चित्रं बघत परत पहिल्या पानावरून जा. दुसऱ्या फेरीला दहा मिनिटं पुरतात आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

शाई_आणि_डिंक:
गडद पानांचा दोष बहुधा उजेडाचा असतो. गुळगुळीत कागदावर डोक्यावरची ट्यूबलाइट चमकते आणि काळ्यातले बारकावे पुसले जातात. दिवा डाव्या बाजूला, थोडा मागे ठेवा.

सोलापूरकरांसाठी खास: एप्रिल-मे महिन्यांत पुस्तक गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. डिंकाची बांधणी उष्णतेने मऊ पडते आणि पानं सुटतात. जाड खंड उघडताना दोन्ही बाजूंना घडी केलेली चादर द्या (आपल्याकडे तिला तोटा नाही!), म्हणजे कण्यावर ताण येत नाही. बरेच अंक एकत्र बांधलेली जाडजूड आवृत्ती आधी घेऊ नका. जोडपानाच्या चित्राचा मधला भाग शिवणीत गडप होतो.

उन्हाळी_वाचक:
आभार! मोबाइलवर वाचलं तर चालेल का? आणि पुढचा क्रम?

चौकटीबाहेर:
मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून दिसते, पण पानाची मांडणी हरवते. दहा इंची टॅब असेल तर ठीक.

मूळ मालिका 75 अंकांची, 1989 ते 1996. पहिल्या खंडात 8 अंक. 'ओव्हर्चर' हा मालिकेचा नंतर आलेला भाग कथेत आधी घडतो, पण ते 2013 साली सुरू झालं आणि पूर्ण मालिका माहीत आहे असं धरूनच लिहिलंय. ते शेवटीच वाचा. सहाव्या अंकापासून चित्रांची रेघ बदलेल, कारण सॅम कीथ यांच्याकडून काम माइक ड्रिंगेनबर्ग यांच्याकडे गेलं. आठवा अंक होईपर्यंत मालिका सोडू नका. खरा सूर तिथे लागतो.

शाई_आणि_डिंक:
पुढे कधी जपानी मांगा (तिथली चित्रकथा) घेतलीत, तर ती सहसा उजवीकडून डावीकडे वाचायची असते, फुगेसुद्धा. आणि विकत घेण्याआधी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात एकदा विचारून बघा.