आजीच्या पंचाहत्तरीचा फॅमिली फोटो: बीचवर की स्टुडिओत?

डिसेंबरात आजीची पंचाहत्तरी आहे, आम्ही घरचे १४ जण, पणजीत राहतो. मुलांना मिरामार बीच हवाय आणि बाबा म्हणतात स्टुडिओच बरा. काय करू?

उत्तर १: दोन्ही करा. ग्रुप स्टुडिओतच, कारण १४ जण म्हणजे दोन-तीन रांगा, फोटोग्राफर लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे एफ ८ च्या आसपास ठेवतो तेव्हा कुठे मागचे चेहरेपण शार्प येतात, आणि त्याला लागणारा लाइट स्टुडिओत आरामात मिळतो. आजींना मधे खुर्चीवर बसवा, पदर नीट लावायला एक जण बाजूला हवाच. डोळे मिटणारा कोणीतरी असतोच, म्हणून एकाच पोझचे भरपूर फ्रेम काढायला सांगा.

उत्तर २: बीचवर पाचच्या सुमाराला पोचा, डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य बुडतो. दुपारी नकोच, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. आणि आजींना वाळूत फार चालवू नका हां!

उत्तर ३: फोंतेन्हासच्या (पणजीतली जुनी वस्ती) रंगीत भिंती सुंदर दिसतात पण ती लोकांची राहती घरं आहेत, विचारल्याशिवाय कोणाच्या पायरीवर बसू नका प्लीज. जुन्या गोव्यात चर्चजवळ ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आधीच काढा.