कोकणची मनीऑर्डर: इंग्रजी अमलाचा वाटा किती?

रानवाट: मुंबईच्या गिरण्या रत्नागिरीच्या चाकरमान्यांनी चालवल्या, गावची चूल मनीऑर्डरीवर पेटली. एवढी बंदरं असून इथे धंदा का उभा राहिला नाही? खापर खोतीवर, म्हणजे गावचा शेतसारा गोळा करून सरकारला भरणाऱ्या खोताच्या हक्कावर फुटतं, पण खोती इंग्रजांच्या आधीची. मग इंग्रजांनी नेमकं काय केलं?

बांधबंदिस्ती: खोती जुनी खरीच. पण इंग्रजांना शेतसारा वेळेवर आणि रोख हवा होता. तो खोत भरणार, म्हणून कुळाकडून वसुली करायला खोतामागे कोर्टकचेरी उभी राहिली. १८८० च्या खोती कायद्याने जुन्या कुळांना थोडं संरक्षण दिलं, मधला खोत मात्र तसाच ठेवला.

हिशेब मांडून बघा. भातखाचर अर्धेलीने. खंडीभर, म्हणजे २० मण पिकलं की १० मण खोताचे. पावसाळ्यात दाणे संपले की उसनवारी सवाईने नाहीतर दिढीने: ४ मण उचलले तर सुगीला ५ किंवा ६ परत. आता कुळाने उतारावर दगडी बांध घातला, माती भरली, ४ मण जास्त पिकवले, तर त्यातलेही २ खोताचे. घाम मात्र सगळा कुळाचा. कुळाकडे पैसा नाही, खोताला काही न घालता निम्मं मिळतंय. जमिनीत भांडवल घालणार कोण?

गलबत: बंदरांचंही बघा. देशावरचा माल बैलांच्या तांड्यांनी घाट उतरून चिपळूण, राजापूरला यायचा आणि गलबतात चढायचा. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली, १८६३ ला बोरघाट चढली. पुढे मिरज-बेळगावकडे रूळ गेल्यावर तोच माल डब्यात बसून मुंबई नाहीतर गोव्यातलं मुरगाव बंदर गाठू लागला. माल तुटला की बंदराचं उत्पन्न तुटतं, मग खाडीतला गाळ उपसायला पैसा कुठून येणार?

रानवाट: पटलं. पण कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ ला. स्वातंत्र्यानंतरची ती ५० वर्षं कोणाच्या नावावर?

बांधबंदिस्ती: आपल्याच. खोती मोडायचा कायदासुद्धा १९४९ चा, तोही नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ संप केल्यावर आणि बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबई विधानसभेत खोती मोडण्याचं विधेयक आणल्यावर. तोवर धडधाकट माणसं गिरणगावात गेली होती.

तुमच्या गावचं बघायचं असेल तर जुन्या बोटखताची, म्हणजे खोती गावाच्या सरकारी नोंदवहीची, नक्कल मागा. कूळ कोण आणि खोताचं देणं किती, हे त्यात जमिनीवार सापडेल.