बंड आईविरुद्धच असतं असं नाही

बंडखोर कपडे घडवणाऱ्या मुली आधी आईविरुद्धच उभ्या राहतात, असं एक मत आहे; ते मला पटत नाही. जपानी फॅशन डिझायनर रेई कावाकुबोचंच बघा. आईनं नोकरी करणं वडिलांना मंजूर नव्हतं, तेव्हा आई त्यांना सोडून बाहेर पडली आणि शाळेत शिकवू लागली. लेकीनं फॅशनचं रीतसर शिक्षण न घेताच १९६९मध्ये टोकियोत 'कॉम दे गार्सों' हे स्वतःचं फॅशन लेबल सुरू केलं. १९९७च्या उन्हाळी संग्रहात तर तिनं चौकटीच्या कापडाखाली पाठीवर, पोटावर, कमरेवर गाद्या भरून बाईच्या शरीराचा आकारच बदलून टाकला. काहींना त्यात नुसत्या गाठी दिसल्या. मला गरोदरपण दिसतं, कडेवरचं मूल दिसतं. बारीक कमरेची सक्ती इतक्या थेट नाकारलेली मी क्वचितच पाहिली आहे.