वर्धा रोड अडवला तेव्हा: मंडळाच्या पत्राविषयी

प्रेषक: मिसिसागाकर भाऊ (सध्या मुक्काम प्रतापनगर, नागपूर)
३ नोव्हेंबर २०२५

मंडळींनो, नमस्कार.

दिवाळीला नागपूरला आलो होतो. २८ ऑक्टोबरला हिंगणघाटहून सासूबाईंना घेऊन निघालो, कारण त्यांचं डायलिसिस नागपूरला असतं, आठवड्यातून दोनदा. बुटीबोरीच्या पुढे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. कर्जमाफीसाठी शेतकरी वर्धा रोडवर बसले होते, ट्रॅक्टर आडवे लावलेले. मागे ट्रकांची रांग, पुढे जाता येईना, वळता येईना. सासूबाईंचा श्वास लागायला लागला तेव्हा हात जोडून चार गाड्या मागे घ्यायला लावल्या आणि खेड्यांतून आडवाटेने उमरेड रोड गाठला. नागपूरला पोहोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. माझं विमान गेलं, त्याचं काही नाही. पण त्या बाईला काही झालं असतं तर मी कोणाला विचारायचं होतं?

शेतकऱ्यांची मागणी खरी आहे. सोयाबीन पावसाने सडलं हे मी सासरच्या शेतात डोळ्यांनी पाहिलं. तरीही माझं मत पक्कं झालंय. हमरस्ता अडवला की तासाभरात पोलिसांनी तो मोकळा करावा, लाठी चालवावी लागली तरी. आपल्या कॅनडातल्या मंडळातर्फे मुख्यमंत्र्यांना असं पत्र पाठवावं असा माझा प्रस्ताव आहे. रविवारच्या बैठकीत ठेवावा ही विनंती.

---

प्रेषक: धंतोलीच्या काकू (ब्रॅम्प्टन)
४ नोव्हेंबर

भाऊ,

आधी सासूबाई कशा आहेत ते कळव. चुकलेलं डायलिसिस भरून निघालं का?

तुझा राग मला पूर्ण पटतो. पण "लाठी चालवावी लागली तरी" हे चार शब्द मंडळाच्या कागदावर गेले तर मी सही करणार नाही. का ते सांगते, जरा लांबेल.

१९९४ साली मी सीताबर्डीत एका बँकेत कॅशियर होते. हिवाळी अधिवेशन म्हणजे आमच्यासाठी दर डिसेंबरची कटकट. रस्ते बंद, बस नाही, घरी पायी. त्या वर्षी अधिवेशन नोव्हेंबरातच होतं. २३ तारखेला गोवारी समाजाचा मोर्चा आला. गाईगुरं राखणारी माणसं, गावागावांतून लेकराबाळांसकट आलेली. आपली नोंद आदिवासींत व्हावी एवढी मागणी. दुपारी काही बायका बँकेच्या नळावर पाणी प्यायला आल्या. एकीने मला विचारलं, "बाई, कोनी येऊन राह्यलं का जी आमचा कागद घ्याले?" मी म्हटलं, येतीलच कोणीतरी. मला काय ठाऊक होतं? पण मी तसं म्हटलं, हे एकतीस वर्षं माझ्या मनात आहे.

कोणी आलं नाही. संध्याकाळी लाल दिव्याची गाडी दिसली, मंत्री आले असं वाटून लोक पुढे सरले, आणि लाठ्या सुरू झाल्या, असं तिथून परतलेल्यांनी आम्हाला सांगितलं. पुढे लोखंडी कठडे, बाजूला कठडे, मागून रेटा. ११४ माणसं चेंगरून मेली. त्यात बायका आणि मुलंच जास्त. गोळी एकही लागलेली नाही. कोणाला मारायचं असं कोणी ठरवलंही नसेल. बाहेर पडायला वाट नसलेल्या गर्दीवर लाठी उगारली, एवढंच पुरलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांच्या आयोगाने पोलिसांवर ठपका ठेवला नाही. झिरो माइलजवळ स्मारक झालं, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव मिळालं. मूळ मागणी मात्र कोर्टात फिरत राहिली. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

म्हणून भाऊ, सरकारने कारवाई कुठे सुरू करावी असा प्रश्न आला की मला लाठी सगळ्यात शेवटी आठवते. कारवाई सकाळीच सुरू व्हायला हवी होती, एका मंत्र्याने चारशे पावलं चालत येऊन कागद घेण्यापासून. तेही सरकारचंच काम आहे, आणि कठडे कुठे लावायचे, बाहेर पडायची वाट कुठे ठेवायची हेसुद्धा.

तू म्हणशील, मग रस्ता अडवू द्यायचा का? नाही. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने शांततेने आणि शस्त्राविना जमायचा हक्क दिला, आणि त्याच कलमाने सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधनंही ठेवली. जमावबंदी घटनेत बसते हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितलं, ते आपल्या नागपूरच्याच खटल्यात. कापड गिरणी कामगारांच्या दोन संघटनांची तेढ होती, बाबुलाल पराते यांनी आदेशाला आव्हान दिलं आणि ते हरले. पण तीच जमावबंदी उठसूट लावता येत नाही, नुसतं मत दाबण्यासाठी तर नाहीच, हे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बजावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात शाहीनबागच्या प्रकरणात ते म्हणालं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. आणि २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या लोकांना पोलिसांनी हुसकावलं, त्याबद्दल त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये सरकारचेच कान उपटले. हे निकाल एकत्र वाचले की मला एक सरळ गोष्ट दिसते. आंदोलकांनी कोणाचा तरी दिवस अवघड केला म्हणून ते बेकायदा होत नाही, अवघड केल्याशिवाय त्यांच्याकडे कोणी बघतच नाही. पण तुझ्या सासूबाईंची गाडी अडली आणि तिला दुसरी वाटच उरली नाही, तिथे त्यांचा हक्क संपला. त्या क्षणापासून सरकारने हातावर हात ठेवून बसणं हा गुन्हाच मानते मी.

आणखी एक. १९२३ चा झेंडा सत्याग्रह नागपूरचाच. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जायला बंदी होती. जमनालाल बजाज यांनी तुकड्या पाठवल्या, ते तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई आले. माणसं रोज चालत जायची, अटक करून घ्यायची, दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. कायदा मोडला तो उघड, आणि शिक्षा आपल्या अंगावर घेतली. वर्धा रोडवर ती शिक्षा तुझ्या सासूबाईंनी भोगली. आंदोलनाच्या नेत्यांना मी हेच विचारेन.

---

प्रेषक: ओटावाची वहिनी
४ नोव्हेंबर, रात्री

काकू, तुमचा मेल यांना वाचून दाखवला, दोघंही बराच वेळ गप्प बसलो.

मी दुसरी बाजू सांगते, कारण २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही इथल्या डाउनटाउनमध्ये राहत होतो. ट्रकवाल्यांनी पार्लमेंटसमोरचे रस्ते तीन आठवडे अडवले. रात्र रात्र भोंगे. धाकटी तेव्हा चार महिन्यांची होती. पोलीस तिथेच उभे असायचे आणि काही करायचे नाहीत. भोंगे बंद झाले ते २१ वर्षांच्या एका मुलीने कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणला म्हणून. मग १४ फेब्रुवारीला सरकारने एकदम आणीबाणीचा कायदा काढला. १९८८ पासून तो एकदाही वापरला नव्हता. लोकांची बँक खाती गोठवली. रस्ते मोकळे झाले, मला त्या दिवशी रडू आलं इतकं बरं वाटलं. पण जानेवारी २०२४ मध्ये इथल्या फेडरल कोर्टाने तो कायदा लावणं अवाजवी ठरवलं, आणि निकाल वाचताना मला ते पटलं. साधे वाहतुकीचे नियम पहिल्या दोन दिवसांत लावले असते तर खाती गोठवायची वेळच आली नसती. उशीर केला की सरकारचा हात जड पडतो.

भाऊजी, तासाभराची तुमची अट मला चुकीची वाटत नाही. त्या तासात काय करायचं ते पत्रात लिहा.

---

प्रेषक: मिसिसागाकर भाऊ
५ नोव्हेंबर

काकू, सासूबाई बऱ्या आहेत. २९ ला सकाळीच डायलिसिस झालं. पायाची सूज उतरायला दोन दिवस लागले.

तुमचा मेल त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "आमच्या गावची एक बाई होती त्यात." एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, त्या ट्रॅक्टरवाल्यांना कोणी मारलं तर नाही ना?

२९ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा करायला सांगितलं. ३० ला मुंबईत नेत्यांशी बोलणी झाली आणि कर्जमाफीच्या निर्णयाला पुढच्या ३० जूनची तारीख मिळाली. ३० ला बोलता आलं ते २७ ला का बोलले नाहीत, हा माझा राग आता सरकारवर आहे, आणि तो तसाच राहू द्या.

लाठीचे शब्द काढले. नवा मजकूर असा:

"हमरस्त्यावर आंदोलन सुरू होताच रुग्णांच्या गाड्यांसाठी एक पट्टा मोकळा ठेवणं आंदोलकांना बंधनकारक असावं, आणि तो पहिल्या तासात मोकळा करून घेणं ही जिल्हाधिकारी व पोलिसांची जबाबदारी असावी. त्याच तासात निर्णयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीने जागेवर येऊन निवेदन घ्यावं. जमाव हटवायचा झाल्यास आधी माईकवरून मराठीत सांगावं, पुरेसा वेळ द्यावा, बाहेर पडायची वाट उघडी ठेवावी, आणि अंधार पडल्यावर किंवा बायका-मुलं कठड्यांमध्ये अडकलेली असताना बळ वापरू नये. पट्टा अडवणाऱ्या नेत्यांवर गुन्हे दाखल व्हावेत. नुसते मागे बसलेल्या शेतकऱ्यांवर होऊ नयेत."

वहिनी, "तासात" दोनदा येतंय, पण मुद्दाम ठेवलंय.

काकू, नवं तिकीट २५ चं मिळालं. २३ ला मी इथेच आहे. सासूबाईंना झिरो माइलला न्यायचंय, त्यांनीच सांगितलं. तुमच्या वतीने फूल ठेवू का?

---

प्रेषक: धंतोलीच्या काकू
५ नोव्हेंबर

ठेव. आणि पत्रावर माझी सही घे.