मदत हवी आहे : अ‍ॅक्रिलिकच्या पाट्यांना दहा दिवसांत तडे

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझं लेझर कटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. नेमप्लेट, ट्रॉफ्या, गणपतीच्या आधी मखरं, असली कामं. गेल्या महिन्यात एका दवाखान्याच्या पाट्या केल्या. ५ मिमीची पारदर्शक शीट, मागून व्हिनाइल, चार कोपऱ्यांत भोकं आणि सीएसके (निमुळत्या डोक्याच्या) स्क्रूने भिंतीवर. देताना काचेसारख्या चकचकीत होत्या. दहाव्या दिवशी फोन आला, "दादा, पाट्यांना जाळी पडलीय."

जाऊन बघतो तर प्रत्येक भोकाभोवती बारीक तडे, आणि कापलेल्या कडेवरून आत शिरलेल्या केसाएवढ्या रेषा. पाटीच्या मधोमध मात्र एकही नाही. तिथल्या मावशी रोज स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात.

शीटवाला म्हणतो माल एक नंबर आहे, तुमच्या मशिनचा घोळ. मशिनवाला म्हणतो शीट भंगार. मधल्यामध्ये मी.

घरी येऊन उरलेल्या शीटच्या सपाट भागावर स्पिरिट ओतलं. ढिम्म. लेझरने कापलेल्या तुकड्याच्या कडेवर बोळा ठेवला, तर डोळ्यांदेखत रेषा उमटल्या. ट्रॉफीचे भाग क्लोरोफॉर्मने चिकटवतो तेव्हाही जोडाजवळ कधीकधी असंच होतं. दर वेळी नाही, म्हणून तर डोकं चालेना.

स्पिरिटने अ‍ॅक्रिलिक विरघळतं म्हणावं, तर मधला भाग शाबूत कसा? लेझर सोडून राउटर (फिरत्या पात्याने कापणारं मशीन) घ्यायचा का? (परवडणार नाही, आधीच सांगतो.)

मोल्डिंगवाला, भोसरी :
दोघांशी भांडू नका. याला आमच्याकडे ईएससी म्हणतात, एन्व्हायर्न्मेंटल स्ट्रेस क्रॅकिंग. प्लास्टिकमध्ये ओढ आणि वरून नको ते रसायन, दोन्ही एकत्र आले की हे होतं. तुमच्या प्रयोगात तेच दिसलंय.

लेझरने कड वितळते. गार होताना ती आकसू पाहते, पण मागचं थंड प्लास्टिक तिला आकसू देत नाही. ती ओढ तिथेच अडकून बसते, डोळ्यांना दिसत नाही. अ‍ॅक्रिलिक म्हणजे लांबलचक साखळ्यांचा गुंता, शिजलेल्या शेवयांसारखा. स्पिरिट त्यात शिरून साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं. साखळ्या तुटत नाहीत, पाटी विरघळतही नाही. पण जिथे आधीच ओढ आहे तिथे साखळ्या सरकतात. आधी क्रेझ, म्हणजे केसाएवढ्या रेषा, मग तडा. मध्ये ओढ नव्हती, म्हणून मध्ये काही झालं नाही. क्लोरोफॉर्मने जोडाजवळ होतं तेही हेच, फक्त तो जास्त जहाल.

आणि सीएसके स्क्रू म्हणजे पाचर हो! निमुळतं डोकं भोकाला चारी बाजूंनी फाकवतं. मशीन नाही, तो स्क्रू बदला. सपाट डोक्याचा घ्या, भोक दीड-दोन मिमी मोठं ठेवा (उन्हाने शीट वाढते), हलकाच आवळा. वॉशर नायलॉनचा. मऊ पीव्हीसीचा नको, त्यातलं मऊपणा आणणारं तेल झिरपून पुन्हा हाच ताप देतं.

नवशिका :
ओढ आधी ओळखता येत नाही का? लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर तुकडा धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहिलं की रंग दिसतात, असं वाचलंय.

मोल्डिंगवाला, भोसरी :
पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये झकास दिसतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये रंग फिके येतात, फसाल. त्यापेक्षा त्यांचा स्पिरिटचा बोळाच बरा, पण फक्त टाकाऊ तुकड्यावर.

धागाकर्ता :
स्क्रू कळला. पण कडेचं काय? दवाखान्यात स्पिरिट थांबणार नाही.

मोल्डिंगवाला, भोसरी :
अ‍ॅनिलिंग करा. कागद काढून तुकडे सपाट ठेवून ८० अंशांवर तापवायचे. वेळेचा ढोबळ हिशेब असा : जाडीच्या मिमीला ३ने भागा, तेवढे तास, पण २ तासांहून कमी कधीच नाही. खरी गोष्ट गार करण्यात आहे. तासाला १५ अंशांपेक्षा घाई नको आणि ६०च्या खाली येईपर्यंत दार उघडू नका. घाई केलीत तर काढलेली ओढ परत भराल. १०५च्या आसपास अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं, म्हणून घरच्या ओटीजीच्या काट्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. व्हिनाइल आणि क्लोरोफॉर्म हे सगळं झाल्यावर. गॅसच्या टॉर्चने कड चमकवत असाल तर ते मात्र अ‍ॅनिलिंगच्या आधी, त्या ज्योतीनेही ओढ बसते. आणि मावशींना साबणाचं पाणी नि मऊ फडकं सुचवून बघा.

धागाकर्ता :
ओळखीच्या पावडर कोटिंगवाल्याने रविवारी भट्टी दिली. ८० अंश, २ तास, मग दार बंद ठेवून संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. भाजलेल्या तुकड्यावर अर्धा तास बोळा ठेवला, एक रेष नाही. न भाजलेला शेजारचा तुकडा पाचव्या मिनिटाला गेला.

पाट्या नव्याने करतोय. दवाखान्याला बिल लावायचं की नाही, त्यासाठी वेगळा धागा काढतो.